बारा ऐन आणि ढवळूची वही

ढवळू झाडावर चढायला लागला की जव्हारजवळच्या दाभोशातली माणसं हातातलं काम ठेवून बघत. वय पन्नाशीपुढचं, डावा गुडघा कुरकुरणारा, पण कमरेला कोयता अडकवून ऐनाच्या खोडाला हात घातला की गडी वर. राबाच्या फांद्या तोडाव्यात तर ढवळूनेच, असं सगळा पाडा म्हणे. शेंड्याला मूठभर पाला ठेवायचा म्हणजे झाड मरत नाही, बाकीचं उतरवायचं, आणि खोडाची साल सोलू द्यायची नाही. ह्या फांद्या वाळवून, शेण-पाचोळ्यासकट रोपाच्या जागेवर पसरून जाळायच्या, हाच राब; म्हणजे त्या भाजलेल्या मातीत भात-नागलीची रोपं जोमाने उठतात. एवढा मान त्याला होता आणि तो पुरेसा होता. दुसरा मान मिळाला आणि माणूस बिघडला.

तो मान आणला हर्षदाने. ही जव्हारची मुलगी. वडील कचेरीत कारकून, आजोबा जामसरला भातशेती करणारे, आणि ही पुण्याच्या एका संस्थेत हवामानाचा अभ्यास करणारी. ढवळूच्या स्वतःच्या जमिनीत, घरामागच्या उतारावर, बारा ऐन उभे होते. ते बघून ती म्हणाली, "काका, मला हीच झाडं हवीत."

"काय करशील बाय त्यांचा?"

"जमिनीतलं पाणी काय एकटं ऊन नेत नाही. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. पानं वाढली की जास्त पाणी वर जातं. पुढे पन्नास वर्षांनी ऊनपाऊस कसा असेल याचं गणित आम्ही संगणकात मांडतो, त्याला मॉडेल म्हणतात. त्यात पानं कधी फुटतात, किती वाढतात, हे सगळं अंदाजाने घातलेलं असतं. मला इथलं खरं पाहिजे."

ढवळूने जरा विचार केला. "म्हंजे झाडां पाणी पितात नि घाम टाकतात."

हर्षदाने ते वाक्य जसंच्या तसं आपल्या वहीत उतरवून घेतलं. आपलं बोलणं पुण्याला गेलं, हे ढवळूने पुढचे आठ दिवस भेटेल त्याला ऐकवलं. दाभोसा-जव्हार जीपवाले त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणून चिडवू लागले, तर हा चिडायचा सोडून खूश.

काम सोपं होतं. प्रत्येक ऐनाच्या एका फांदीला पत्र्याचा बिल्ला बांधलेला. दर शनिवारी त्या फांदीची पानं मोजायची, चौकटीच्या कागदावर पान ठेवून किती चौकटी भरतात ते बघायचं, आणि वहीत लिहायचं. सातवीपर्यंत शिकलेल्या ढवळूचं अक्षर वळणदार होतं. जमिनीतली ओल मोजायचं यंत्र संस्थेसाठी काम करणाऱ्या मोखाड्याच्या गौतमने पुरलं. तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, कमी बोलणारा आणि दोन वेळा मोजून एकदा खणणारा माणूस. त्याच्या यंत्राची पेटी आपली आपण नोंदी साठवायची आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की उघडायची. ह्या बारा झाडांना कोयता लावायचा नाही, एवढं एकच वचन हर्षदाने घेतलं होतं. "राब मी पल्याडच्या डोंगराचा आणीन," असं ढवळू म्हणाला होता.

पहिल्या वर्षी त्याने वचन पाळलं. गेल्या वर्षी तो वसईला इमारतीच्या कामावर गेला आणि दीड महिना अडकला. फाल्गुनात परत आला तोवर पल्याडची झाडं लोकांनी तोडून नेलेली. रोपाची जागा राबावाचून उघडी आणि घरामागे बारा ऐन पाल्याने भरलेले. दोन झाडं तोडू, दहा ठेवू, असं ठरवून तो चढला. पण चाळीस वर्षांची सवय हातात बसलेली. एका झाडावरून उतरायचं आणि दुसऱ्यावर चढायचं, मध्ये विचार करायला वेळ कुठे? दुपारपर्यंत बाराही ऐन शेंड्याला मूठभर पाला घेऊन उभे होते.

त्याची बायको रुपी खाली भारे बांधत होती. तिने फांद्यांतून बारा बिल्ले सोडवून घेतले आणि त्याच्यापुढे धरले. "हर्षदाबायला सांग आता."

"सांगंन."

तो आता सांगणार होता, मग होळी झाल्यावर सांगणार होता, मग फोन लागला की सांगणार होता. हर्षदाचं त्या महिन्यात बाळंतपण, ती यायची नव्हती. शनिवार आला तशी वही समोर आली. ते पान कोरं, वसईला असताना चुकलेल्या शनिवारांचीही पानं कोरी. त्याने मागच्या वर्षीचे माघ-फाल्गुन उघडले आणि आकडे उतरवले. अगदी तेच दिसू नयेत म्हणून कुठे दोन पानं वाढवली, कुठे तीन कमी केली. चैत्रात वहीतल्या झाडांना लुसलुशीत पालवी फुटली. वैशाखात वहीतली पानं तळहातापेक्षा मोठी झाली. बाहेर ऐन तसेच भुंडे उभे होते, आणि ढवळू पाण्याला जाताना त्यांच्याकडे न बघता जायला शिकला होता. पावसात छाटलेल्या जागांतून दाट फुटवे आले, तेव्हा त्याने डब्यातले बारा बिल्ले काढून त्या नव्या फांद्यांना बांधले. तोडणं सवयीने झालं होतं, बिल्ले मात्र त्याने समजून-उमजून बांधले.

भाद्रपदात हर्षदा बाळाला घेऊन आली. झाडं हिरवीगार होती. वही चाळून तिचे डोळे भरून आले. "काका, एक शनिवार चुकवला नाहीत!" तिने पाड्यातल्या लोकांसमोर त्याला शाल आणि नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाडं तोडलेली सगळ्यांनी बघितली होती, पण राबाला ऐन तोडला ही काय कोणी कोणाला सांगायची गोष्ट आहे? शाल खांद्यावर पडली तेव्हा ढवळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुपीने ती शाल घरात आणली, घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. ती कधी वर आली नाही.

कार्तिकात गौतमने यंत्राची पेटी उघडून नोंदी पुण्याला नेल्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी हर्षदा आणि गौतम कुदळ घेऊन उतारावर आले. हर्षदाचा चेहरा उतरलेला.

"काय झाला?" ढवळूने विचारलं.

"मेळच बसत नाही, काका. तुमच्या वहीप्रमाणे वैशाखात झाडं पानांनी भरलेली. म्हणजे खालची ओल झपाट्याने कमी व्हायला हवी, पहिल्या वर्षी झाली तशी. मॉडेल तेच सांगतं. यंत्र म्हणतं ओल जवळजवळ हललीच नाही. म्हणजे यंत्र बिघडलंय. काढून नेतोय."

गौतम खणायला बसला होता. वर न बघता तो म्हणाला, "काका, माफ करा. तुमच्या एवढ्या मेहनतीची माझ्या यंत्राने माती केली. पुरताना माझंच काही चुकलं असणार. तसं मी संस्थेला लिहून दिलंय."

"लिहून दिलास? काय लिहून दिलास?"

"चूक माझी म्हणून. सही केली. पुढल्या महिन्यापासून मला काम नाही."

कुदळ मातीत पडत राहिली. ढवळूच्या डोळ्यांपुढे त्या दोन मुली आल्या, ज्यांना त्याने एकदाच, मोखाड्याच्या बाजारात बापाचं बोट धरून चालताना बघितलं होतं. गप्प राहिलं तर आणखी तासाभराने यंत्र वर निघणार होतं, आणि वही कायमची खरी ठरणार होती. त्याची शाल, त्याचं नाव, जीपवाल्यांचा 'शास्त्रज्ञ', सगळं शाबूत राहणार होतं. हे त्याला कळलं, आणि आपण क्षणभर का होईना पण ह्याचा हिशेब केला, याची त्याला लाज वाटली.

"थांब गौतमभाऊ. मशीन तुझा खोटा नाय. वही खोटी हाय."

कुदळ थांबली.

"फाल्गुनात मी ऐन तोडलं. बाराच्या बारा. राबाला. लिहिलां ता सगळां मागच्या सालाचां उतरवलां."

हर्षदा जवळच्या ऐनाकडे गेली. फुटवे बाजूला करून तिने खोडावरची छाटलेल्या फांदीची गाठ चाचपली, तिरकी, स्वच्छ, साल न सोललेली. दुसऱ्या झाडावर तशीच, तिसऱ्यावरही. "माझे आजोबा असेच तोडायचे," ती म्हणाली. "भाद्रपदात मी इथेच उभी होते. झाडाकडे बघितलंच नाही मी, वही बघत राहिले." मग चौथ्या झाडाच्या गाठीवर बोट ठेवून, "आमच्या मॉडेलात झाड वाढतं, पानं गाळतं. त्यात कोणी झाडावर चढत नाही." तिचा आवाज कोरडा होता. तिने त्याला रागावलं असतं तर बरं झालं असतं.

 गौतमने काढलेली माती दोन्ही हातांनी परत खड्ड्यात लोटली, दाबली आणि हात झटकले. जाताना एवढंच म्हणाला, "यंत्र वाईट की मी वाईट, ह्या विचाराने पंधरा दिवस घरात जेवण गेलं नाही, काका."

हर्षदाने त्याच दिवशी संस्थेला खरं ते कळवलं. गौतमचं काम राहिलं. वही मात्र तिने ढवळूकडून काढून घेतली नाही. नव्या पानावर त्याच्याकडूनच लिहून घेतलं, कोणत्या दिवशी किती झाडं तोडली आणि शेंड्याला किती पाला ठेवला. आपल्या वळणदार अक्षरात त्याने ते लिहिलं आणि खाली सही केली. आता राबाची तोडही मॉडेलात घालायची असं ती म्हणते. त्याबद्दल लोक ढवळूचं कौतुक करायला जातात तेव्हा तो उठून आत जातो.

शनिवारची मोजणी अजून चालू आहे. पण आता दर शनिवारी मोखाड्याहून गौतमही येतो. ढवळू मोजतो, आकडा सांगतो, गौतम लिहीत नाही. मग ढवळू तीच फांदी खाली ओढून धरतो आणि गौतम तिची सगळी पानं पहिल्यापासून मोजतो. बाराही झाडांना असंच. फांदी धरून ढवळूचा हात भरून येतो, गुडघा दुखतो. गौतमची मोजणी संपेपर्यंत तो फांदी सोडत नाही.