ओट्यातलं चौकोनी भोक

दुपारचं जेवण म्हणजे खानावळीचा डबा. त्यातली पोळी चावून चावून जबडा दुखला की मी हॉलमधल्या दिवाणावर आडवी होते. उशाशी फ्रीज आहे. स्वयंपाकघर फोडायला काढलं तेव्हा तो इथे आणून ठेवला, तो इथेच राहिला. दिवसभर माझ्या कानाशी घुरघुरत असतो. ज्यांचं घोरणं आयुष्यभर ऐकलं ते गेले आणि हा राहिला, असं मी रोज मनात म्हणते आणि कूस बदलते. आज कूस बदलता बदलता ती घुरघुर थांबते, आणि मला कळतं की हॉलमध्ये कुणीतरी आहे.

स्वयंपाकघरासाठी आणलेल्या, अजून न बसवलेल्या चिमणीच्या खोक्यावर आमचे हे बसलेत.

उन्हाळ्यात गेले, आता श्रावण लागला. अंगात तोच अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट, खिशात मोजपट्टी. पाय तेवढे अनवाणी. मला अजिबात दचकायला होत नाही. मी म्हणते, "अहो, खोक्यावर बसू नका, आतली काच फुटेल."

"चल, उशीर होतोय," ते म्हणतात. "निकुंभ वाट बघत असेल."

निकुंभ म्हणजे गंगापूर रोडवरच्या शोरूमचा विक्रेता. यांनी त्या गरिबाचा जीव खाल्ला होता. निवृत्त होईपर्यंत या माणसाला मीठ कुठल्या डब्यात असतं ते ठाऊक नव्हतं. येत होता तो फक्त चहा, तोही रोज उतू घालवून. आणि निवृत्तीनंतर काय वेड लागलं कोण जाणे, "कुंदा, तुला असं स्वयंपाकघर करून देतो की बघत राहशील!" जर्मन ओव्हन, भांडी घासायचं यंत्र, आवाज न करणारी चिमणी. शोरूममध्ये जायचे आणि तासन्‌तास नुसती दारं उघडून मिटून बघायचे. सगळं ठरलं, एक शेगडी सोडून. त्यांना इंडक्शन हवं होतं, मला ज्योत. भांडण मिटायच्या आधीच त्यांनी ग्रॅनाइटवाल्याला बोलावून ओट्यात शेगडीचं चौकोनी भोक कापून घेतलं. म्हणाले, माप दोन्हीचं एकच आहे, तू सावकाश ठरव. त्याच संध्याकाळी, केसांत ग्रॅनाइटची पांढरी पूड तशीच असताना, छातीला हात लावून खाली बसले ते बसलेच.

निकुंभला मी हे अजून सांगितलेलं नाही. तो फोन करतो, "शेगडीचं काय ठरलं मॅडम? साहेबांना विचारता का?" आणि मी सांगते, साहेब बाहेर गेलेत. त्या शोरूममध्ये आमचे हे अजून जिवंत आहेत, आणि ते मला फार बरं वाटतं.

आम्ही शोरूममध्ये आहोत. मधला रस्ता मला आठवत नाही. दोन्ही बाजूंना स्वयंपाकघरांची रांग, प्लास्टिकची सफरचंदं, पाणी नसलेले नळ. एकाही ओट्यावर कधी फोडणी पडलेली नाही. हे पुढे पुढे जातात, एकेक दार उघडतात, मिटतात. त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज होत नाही. लांब टोकाला निकुंभ हसत उभा आहे.

"या साहेब. हे इंडक्शन. उतू गेलं की आपोआप बंद होतं."

"आपोआप?" यांचा चेहरा उतरतो. "मग उतू गेल्याचं कळणार कसं?"

"कळायची गरजच नाही, साहेब." निकुंभ शेजारच्या ओव्हनचं काचेचं दार खाली ओढतो. "आणि हा तुमचा ओव्हन. धूर नाही, वास नाही. काही बघावं लागत नाही. बटण दाबलं की झालं."

तो आतला ट्रे बाहेर ओढतो. ट्रे येतच राहतो. माणसाइतका लांब होतो. आजूबाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, खुर्च्यांवर आमच्या सोसायटीतली माणसं रुमालाने मान पुसत बसलीत. भिंतीवर तपकिरी फरशी. ही अमरधामातली विद्युतदाहिनी आहे, मी ओळखते. माझी मुलगी केतकी बंगळूरहून विमानाने आली होती, ती या भिंतीपाशी उभी होती आणि तिने ते हिरवं बटण दाबलं होतं.

"कुणी दाबायचं?" निकुंभ विचारतो. अगदी अदबीने विचारतो.

हे स्वतःच ट्रेजवळ जातात, वाकून मोजपट्टी लावतात. "बरोबर आहे माप," म्हणतात.

"नाही!" मी ओरडते आणि त्यांचं मनगट धरते. मनगट गार आहे, फ्रीजमध्ये राहिलेल्या दुधीसारखं. मी सोडत नाही. मला लाज वाटत नाही, माणसं बघतायत तर बघोत. "चला घरी. आत्ताच्या आत्ता चला."

"चहा देशील?"

"देईन."

आम्ही आमच्या स्वयंपाकघरात उभे आहोत. भिंती उघड्या, विटा दिसतायत. ओटा तेवढा काळाभोर आहे, त्यावर पांढरी पूड आणि मधोमध ते भोक. हे त्यात वाकून बघतात. खाली कपाट असायला हवं, पण खाली काहीच दिसत नाही, आणि तिथून गार वारा वर येतो.

"टाक ना चहा," ते म्हणतात.

"कशावर टाकू? शेगडी कुठंय?"

"अजून नाही आणलीस?"

"पाणी गरम करायला केटली आहे. दुधाची पावडर आहे."

ते मान हलवतात. ओट्याला टेकून उभे राहतात आणि बँकेतल्या रांगेबद्दल सांगावं तसं सांगतात, "तिकडे मला अजून पंगतीला बसवत नाहीत."

"का?"

"घरची चूल पेटली नाही म्हणतात."

आमच्यात कुणी गेलं की सुतकात घरी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे, नातेवाईक पिठलंभात आणून देतात. तेरावा-चौदावा झाला की घरच्या चुलीवर गोडाचं करायचं, सगळ्यांना वाढायचं, मग गेलेला गेला आणि राहिलेल्यांनी आपलं आपलं जेवायचं. आमचं स्वयंपाकघर तर फोडलेलं. केतकीने बाहेर कार्याचा हॉल घेतला, केटरर सांगितला. गुरुजींपासून माझ्या नणंदेपर्यंत कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

"झालं की गोडाचं," मी म्हणते. "शिरा होता. बेदाणे घातले होते भरपूर."

"हॉलची चूल पेटली. घरची नाही."

"मग तुम्ही उपाशीच?"

"भूक नाही गं लागत. पण दारात बसून राहायचा कंटाळा येतो. सगळे पुढे जातात."

मी खरं तेच बोलते. "मला ठाऊक आहे ते, अहो. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं. म्हणूनच मी शेगडी आणत नाही. पेटवली की तुम्ही जाल."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते गॅलरीत जाऊन गवती चहाची पात तोडून आणतात, नेहमीसारखी हातानेच, कात्री असताना. पातेलं घेतात आणि त्या भोकावर ठेवतात. ते पडत नाही. खालून वारा येतोय की आच, मला समजत नाही. पाणी सळसळायला लागतं. ते पात चुरगाळून आत टाकतात, दूध ओततात, आणि पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभे राहतात. वर्षानुवर्षं असेच उभे राहायचे. चहा टाकायचा आणि कावळे बघायचे.

"अहो, लक्ष द्या."

ते वळत नाहीत.

"अहो, वर आला! उतू चाललाय, अहो!"

पातेल्याच्या काठावरून तपकिरी फेस चढतो, फुगतो, खाली येतो. चर्रर्र आवाज होतो. मी धावते.

मी धावतच जागी होते. फ्रीज घुरघुरतोय. उन्हं उतरलीत. तोंडाने "एक दिवस धड चहा करता येत नाही या माणसाला" असं पुटपुटत मी स्वयंपाकघरात जाते. कोपऱ्यातलं फडकं उचलते आणि ओटा पुसते. पुसून झाल्यावर कळतं की मी काय पुसलं.

पांढऱ्या पुडीत, भोकाच्या कडेला, पातेल्याच्या बुडाएवढं ओलं वर्तुळ होतं. आता नाही. आयुष्यभराच्या सवयीने हात चालला आणि ते गेलं. ओटा स्वच्छ, काळा, चकचकीत. मी खाली बसते आणि फडकं नाकाशी धरते. सिमेंट, दूध, आणि त्यात गवती चहा. गॅलरीतली कुंडी मी उन्हाळ्यापासून शिंपलेली नाही, तिच्यात फक्त वाळकी काडं आहेत.

मी किती वेळ रडते कोण जाणे. हॉलमध्ये फोन वाजायला लागतो. थांबतो, पुन्हा वाजतो. फडकं हातात घेऊनच मी उठते.

"नमस्कार मॅडम, निकुंभ बोलतोय. साहेब आले का? त्यांनी सांगितलेला इंडक्शनचा एकच पीस उरलाय, मी धरून ठेवलाय त्यांच्यासाठी."

"इंडक्शन नको," मी म्हणते. "ज्योतीची शेगडी द्या. साधी. आपोआप बंद होणारी नको. उद्याच बसवायला माणूस पाठवा, मला शिरा करायचाय."

"उद्या पाठवतो. पण मॅडम, साहेबांचं मन इंडक्शनवर होतं. एकदा त्यांना विचारून..."

"साहेब वारले, निकुंभ."

फोनमधून शोरूममधलं बारीक संगीत ऐकू येतं.

"अरे बापरे," तो म्हणतो. "कधी, मॅडम?"

मी सांगायला तोंड उघडते. हातातलं फडकं अजून गरम आहे.