वेलांटीची कविता

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली. तिथं त्यांना सगळे ‘वेलांटी’ म्हणत. त्यांना तो मान वाटायचा. इतरांना काय वाटायचं ते विचारायच्या भानगडीत ते पडले नाहीत. सासूबाई हयात असताना सख्ख्या बहिणीलासुद्धा पत्र लिहीत नसत, कारण पाकिटात जाण्याआधी ते लाल होत असे.

निवृत्तीनंतर वेलांटी दिवसभर घरात. भाजीच्या यादीतही चुका काढायचे. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ अशी आमची गत. शेवटी माझ्या नवऱ्यानं त्यांचं नाव एका कवितामंडळात घातलं. दर महिन्याला एका अनोळखी माणसाचा पत्ता यायचा. दोघांनी एकमेकांना स्वतःची कविता, स्वतःच्या अक्षरात, टपालानं पाठवायची. एवढाच नियम.

“कविता म्हणजे ओळ पूर्ण करायचा आळस,” सासरे म्हणाले. पण पाकिटं येऊ लागली तसे टेबलाशी सरसावून बसले.

त्यांनी एकही कविता लिहिली नाही. आलेल्या कवितेवर लाल पेन फिरवायचे, खाली चुकांचा आकडा टाकायचे आणि तोच कागद परत धाडायचे. टपालपेटीत टाकायचं काम माझं.

एका लेथवाल्या कामगारानं लिहिलं होतं, ‘वडील विहीरीत ऊतरले आणी दोर माझ्या हातात राहिला.’ मी ते गॅसपाशी उभी राहून वाचलं आणि दूध उतू गेलं. सासऱ्यांनी तीन गोल काढले. शेरा मारला, ‘एका ओळीत तीन चुका. काळजी घ्यावी.’

“बाबा, त्याचा बाप मेलाय हो.”

“म्हणून वेलांटी मेली का?”

तो कागदही मी पेटीत टाकला. माझीही लाज मला वाटते, नाही असं नाही.

कामगाराचं एका ओळीचं पत्र आलं : ‘मी पुन्हा लिहिणार नाही.’

“‘पुन्हा’ बरोबर लिहिलंय,” सासरे म्हणाले. समाधानानं.

पुढची पाळी एका शिंपिणीची होती. जुने कपडे उसवून अंगाबरोबर करून द्यायचा तिचा धंदा. तिच्या कवितेत अकरा चुका निघाल्या. आठवड्यात उत्तर आलं : ‘अकरा चुका कबूल. आता तुमची कविता पाठवा. नियम आहे.’

दुसऱ्या कशाला ते बधले नसते. पण नियम म्हटल्यावर त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. एकोणीस दिवस जेवणाचं टेबल अडवून बसले. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. माझ्या पोरीला शिंक आली तरी डोळे वटारायचे. अखेर पहाटेवर बारा ओळी झाल्या. पाकीट पेटीत टाकायला पहिल्यांदाच स्वतः गेले, इस्त्रीचा सदरा घालून.

दहा दिवसांनी कागद परत आला. त्यावर कुठेही खूण नव्हती. सासऱ्यांचा चेहरा फुलला. मग तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांना दिसलं : ‘चुका शून्य. बाकीही शून्य.’

संध्याकाळी कागद माझ्यापुढे सरकवला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण या माणसानं माझं मत कधी विचारलं नव्हतं.

“तुला कशी वाटते?”

मी वाचली. खोटं बोलता आलं असतं. म्हातारा माणूस, बुडत्याला काडीचा आधार. पण मला ती लेथवाल्याची ओळ आठवली.

“शिंपीण बरोबर आहे, बाबा.”

“अडाणी बाई,” ते म्हणाले. ती की मी, ते सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंडळ सोडलं.

आता ते रोज दुपारी एका छापखान्यात फुकट बसतात. औषधाच्या बाटल्यांबरोबर येणारी माहितीपत्रकं तपासतात. डोस, मात्रा, दुष्परिणाम. त्यात कुणाचा बाप मरत नाही, त्यामुळे स्वारी खूश असते. मालक म्हणतो, असा माणूस मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, ठेवून घ्या.

मंडळाची पाकिटं मात्र मी बंद होऊ दिली नाहीत. माझं नाव कळवलंय. पहिली कविता मी त्या लेथवाल्याला पाठवली. त्याची पाळी नव्हती, तरी. अजून उत्तर नाही.