लहान्या बसून राहिला

मी माझा जेवणाचा डबा एका मेलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवला. चूक सर्वस्वी माझी होती. डबाही माझाच होता, शेंगदाण्याच्या चटणीचा, आणि त्यातून तेल गळत होतं.

मांडी ज्याची होती तो पुढे येईलच. आधी त्याच्या थोरल्या भावाविषयी सांगायला हवं, कारण इतका व्यवस्थित, इतका प्रेमळ आणि इतका पक्का वेडा माणूस सातपुड्याच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरा झाला नसेल. हे माझ्या घरमालकीणबाईंचे भाऊ. सगळं सौंसर त्यांना मामाजी म्हणे. बँकेनं माझी बदली साताऱ्याहून थेट मध्य प्रदेशात केली, मी ट्रंक घेऊन पांढुर्ण्याला उतरलो, बसनं सौंसरला आलो आणि या घरमालकीणबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, माडीवर भाड्यानं राहू लागलो. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. रस्त्यावर मोटारी दोनच जातीच्या दिसत आणि दोन्हींची चाल म्हशीची. अशा काळात एकदा जेवताना मी काकूंना म्हणालो, "आम्ही पुण्याला असताना स्पोर्ट्स कार चालवायचो." मी पुण्याला असताना सायकल चालवायचो, तीही भाड्याची. पण भाजी चांगली झाली होती आणि माणूस अशा वेळी बोलून जातो. काकूंनी पोळी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं जी. माहा भाऊ अशाच माणसाले शोधून राहिला."

मामाजींची उमेदीची वर्षं मद्रासकडे गेली होती. तिथल्या एका हौशी शेठजींच्या शर्यतीच्या मोटारी ते सांभाळत आणि शेठजींच्या मुलांना ओसाड धावपट्टीवर वेगानं गाडी वळवायला शिकवत. गावी परतताना बिदागी म्हणून त्यांनी एक जुनं इंजिन मागून आणलं. धाकटा भाऊ, ज्याला सगळे लहान्या म्हणत, पत्र्याच्या कामात वाकबगार. दोघांनी जवळच्या रामाकोना गावातल्या आपल्या संत्र्याच्या बागेत त्या इंजिनाभोवती गाडी उभी केली. छत नाही, दारं नाहीत, समोरची काच ताटाएवढी. अंगावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. सीटा दोन, त्यातली डावी लहान्याच्या पाठीचं माप घेऊन ठोकलेली. गाडी इतकी हलकी की ऊन सरकलं की बागेतले गडी ती बाजेसारखी उचलून सावलीत ठेवत. बागेला वळसा घालून मुरूम दाबलेला रस्ता केला होता, आणि त्याला मामाजी गंभीरपणे 'सर्किट' म्हणत. वळणांना नावं होती. एक विहिरीचं, एक चिंचेचं, आणि एक नुसतंच 'आत्याबाई', कारण ते सरळ चाललंय अशी खात्री पटताक्षणी फिरत असे.

पहिल्याच दिवशी मी रुबाबात गाडीजवळ गेलो आणि डाव्या सीटवर डब्याची पिशवी टेकवली. मामाजी ओरडले, "अजी बँकवाले, उचला ते! लहान्या बसून राहिला तिथं."

साताऱ्याच्या कानाला हे असं ऐकू आलं की कोणी लहान्या इथं कधीतरी येऊन बसला आणि बराच वेळ राहिला. मी पिशवी उचलली आणि सभ्यपणे विचारलं, "हो का? मग आता कुठे गेला?"

मामाजींनी सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठं जाईन जी तो? बसून राहिला ना!"

रात्रीच्या जेवणाला मी हा किस्सा हसत हसत काकूंना सांगितला. काकू हसल्या नाहीत. "आमच्याकडं 'बसून राहिला' म्हंजे आत्ता बसला हाय. या वक्ती," त्या म्हणाल्या. "लहान्या तापानं गेला, गाडीले चाकं लागाच्या आधी. गावातलं कोणी त्या गाडीत बसत नाही. म्हणून तर तुमाले पाठवलं. तुमाले आमचं बोलणं समजत नाही ना."

व्याकरणाची भीती मला शाळेपासून आहे, पण क्रियापदाच्या रूपानं अंगावर काटा आल्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं मी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी गेलो, कारण न जाण्याचं कारण सांगताना पुण्याच्या स्पोर्ट्स कारची थापही उघडी पडली असती.

मामाजींनी मला बरेच दिवस गाडीत बसूच दिलं नाही. ते मला बाजेवर बसवत, हातात पितळेची परात देत आणि समोर उभे राहून ओरडत, "विहीर आली! आत्याबाई आली!" मी परात फिरवायचो. संत्री तोडायला आलेल्या बाया टोपल्या खाली ठेवून बघत. एकीनं विचारलंसुद्धा, "मामाजी, पाहुणे कणीक कवा भिजवतीन?" गाडीत बसलो तेव्हा चपला काढायला लावल्या. "गाडी डोळ्यानं कळत नाही, तळपायानं अन् बुडानं कळते," हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं, "ब्रेक वळणाच्या आधी. वळणात भीती वाटली तं वाटू द्याची, ब्रेक नाही लावाचा." आणि तिसरं, जे मला शेवटपर्यंत जमलं नाही: "जिकडं जायचं तिकडं पाहाचं. चिंचेकडं पाहाल तं चिंचेत जाल." मी दर फेरीला चिंचेकडे पाहत असे आणि चिंच दर फेरीला जवळ येत असे. शिकवणारा बाजूला बसतो हा जगाचा रिवाज, पण बाजूची सीट भरलेली. म्हणून मामाजी बागेच्या मधोमध राखणीच्या मचाणावर चढून पत्र्याच्या भोंग्यातून शिकवत. दुपारच्या सुन्न उन्हात बागेवर धूळ तरंगत असे, पाखरू बोलत नसे, आणि झाडांवरून तो आवाज येई, "सोडा... सोडा... आता धरा." पुष्कळदा तो आवाज मचाणावरून येतोय की डाव्या कानाशी, हे मला कळत नसे.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. गाडी नुसती उभी असतानाही डावीकडे किंचित झुकलेली असे. मला वाटलं, स्प्रिंग बसली असेल. मग एका शनिवारी पाहतो तर गाडी सरळ! मी मामाजींना विचारलं. ते हवा भरता भरता म्हणाले, "शनिवार हाय ना आज. जामसावळीले गेला तो, मारोतीच्या दर्शनाले. येईन सांजेपर्यंत." मी सोमवारी पुन्हा पाहिलं. गाडी झुकलेली होती. त्या दिवसापासून मी गाडीत बसण्याआधी उगाच खाकरायला लागलो.

एकदा चिंचेला पुन्हा घासून थांबलो, तेव्हा मामाजी मचाणावरून उतरून आले. चालताना ते हात पुढे करून फांद्या चाचपत होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांच्या डोळ्यांत दुधासारखं काही उतरलं होतं. "आता मले वळण दिसत नाही," ते म्हणाले. "आवाजावर शिकवून राहिलो तुमाले. चाकं लागल्यावर मी दोनदा नेलं त्याले, दोन्ही बारीनं चिंचेवर नेलं. त्यानं पत्रा ठोकला सालभर अन् एक चक्कर धड नाही झाली त्याची. एक चक्कर बिनधक्क्याची झाली का उतरतो म्हणते." त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. "उतरला तं करमणार नाही मले. पण बसवून किती ठेवू?"

मग मला माझी चूक सांगितली. "तुम्ही एकट्याची गाडी हाणून राहिले. हलकी हाय, एका माणसाचं वजन हिले कळते. तुमालेच कळत नाही. दोघांची हाणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघालो. विहीर गेली. आत्याबाई मला फसवायला गेली आणि मी फसलो नाही म्हणून खट्टू झाली. चिंच दिसू लागली तसा मी नेहमीपेक्षा बराच आधी ब्रेक दाबला, दोघांचं वजन धरून, आणि तोंडातून आपोआप निघालं, "लहान्याभाऊ, धरून बसा." चिंचेकडे मी पाहिलं नाही. वळणाच्या पलीकडचा पांढरा मुरूम पाहिला. गाडी उजवीकडे अशी वळली की जणू मधे चिंच कोणी लावलीच नव्हती. पुढचं वळण डावीकडे होतं. तिथं माझ्या डाव्या खांद्याला काहीतरी टेकलं, एसटीत पेंगणारा शेजारी टेकतो तसं, आणि वळण संपल्यावर सरळ झालं. तिसरं सूत्र मला आयुष्यात तेव्हा एकदाच जमलं. मी फक्त पुढे पाहिलं.

बाजेपाशी येऊन गाडी थांबवली. छाती फुगली होती. मामाजी चाचपडत आले. मला विचारलंही नाही. डाव्या बाजूला वाकून हळूच म्हणाले, "कसं वाटलं बे?"

मग बराच वेळ ते मान तिरपी करून ऐकत राहिले. वारा नव्हता, तरी बागेतून बाहेर जाणाऱ्या वाटेवरच्या दोनचार फांद्या एकामागून एक हलल्या. मी उतरलो आणि गाडीकडे पाहिलं. दिवस मंगळवारचा होता आणि गाडी सरळ उभी होती. मामाजींनी त्या वाटेकडे तोंड करून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि एकदम हसले.

"काय म्हणाला?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

"जाऊन राहिला," मामाजी म्हणाले. "जाता जाता म्हणून राहिला, गाडी पुरी मीच चालवली. बँकवाले नुसते बसून राहिले."