हमीदामावशीच्या ओट्यावरची मालन

लोणावळ्यात तुम्ही माझ्याबरोबर कधी पायी फिरला असाल, तर मी तुम्हाला पुष्कळ गोष्टी सांगितल्या असतील. ही नाही. ही कुणालाच सांगितलेली नाही — बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर बसतो त्या मित्रांनाही नाही. बोलणं हा माझा धंदा, आणि एवढं एक मला बोलता आलं नाही.

जरा लांबून सुरुवात करतो. चालेल ना?

पूर्वी मी एका हॉटेलात काउंटरला होतो. लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद पडलं ते पुन्हा उघडलंच नाही. काउंटरवर राहून इंग्रजी जिभेवर आलं होतं आणि गाव तर पायाखालचं. मग लोकांना फिरवायला लागलो. भुशी धरण, टायगर पॉइंट — तिकडे नाही, तिकडे सगळेच जातात. मी न्यायचो रुळांपलीकडच्या गल्ल्यांतून. चिक्कीचा गूळ उकळतो ती पत्र्याची शेड, बंगल्यांत राबणाऱ्या माळ्यांच्या खोल्या, मशिदीमागची विहीर. ठरलेली फी नाही. फिरणं संपलं की ज्याला जे वाटेल ते त्याने द्यायचं.

यात एक गोम आहे, ती या धंद्यातल्या माणसालाच कळते. तुम्ही किती चालवलं, किती माहिती दिली, याला किंमत नसते. शेवटच्या थांब्यावर काय सांगितलं, त्यावर सगळं. पाय दुखले म्हणून कुणी पाकीट काढत नाही. घसा दाटला की काढतात. माझा शेवटचा थांबा होता हमीदामावशीचा ओटा.

हमीदामावशी एकटीच राहायची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर पेन्शनवर होती. मी आणलेल्या पाहुण्यांना ती चहा पाजायची. लांबूनच ओरडायची, "काय रं मध्या, आज कुटली वरात घिऊन आलास?" आणि हसायची. चहाचे पैसे मी द्यायला गेलो की म्हणायची, "ठिव तुज्याकडं, पोरीच्या लग्नाला लागत्याल." माझी पोरगी तेव्हा सातवीत होती.

तिच्या ओट्यावर एक दिवस मालन दिसायला लागली. तिशीतली बाई, अंगाने बारीक, बोलणं कमी. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. टाके असे सरळ, की पाहुण्यांपैकी बायका ओट्यावर बसून बोटं फिरवत राहायच्या. कोण, कुठली, मी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. मावशीनेच मला बाजूला घेऊन सांगितलं.

का सांगितलं, ते नीट ऐका. त्यातच सगळं आहे. मावशी म्हणाली, "तुजी मान्सं फोटू काडत्यात म्हून सांगती. ती तळेगावाकडच्या आंबीची हाय. दाल्ला लय मारायचा. एकदा तर गरम तवा लावला पाटीला. पळून आली ती हितं. त्याला पत्ता लागला तर न्हाई सोडायचा. हिला फोटूत नको घिऊस, बाबा. तुलाच सांगतीया, दुसरं कुनाला ठावं न्हाई."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हेही खरं आहे. पुढे बरेच महिने कुणी मोबाइल काढला की मी आडवा जायचो. मालन माझ्याकडे बघून मान हलवायची. "भाऊ हायेत म्हून बरं हाय," असं एकदा म्हणालीसुद्धा.

मग —

मग एका रविवारी पाहुणे अगदीच कोरडे होते. चालताना कंपनीच्या गोष्टी करत होते. विहिरीपाशी कुणी थांबलं नाही. ओट्यावर आलो तोवर मला कळून चुकलं होतं की आज हात हलवत घरी जायचं. तेव्हा मी तोंड उघडलं. इंग्रजीत. मालन समोर, चार हातांवर, सुईत दोरा ओवत होती, आणि मी तिच्याकडे न बघता तिचा नवरा सांगितला, तवा सांगितला, रात्रीतून डोंगर उतरून आलेली बाई सांगितली. डोंगर मी माझ्या मनाने घातला. आंबी ते लोणावळा डोंगर कुठला उतरायचा? ती तळेगावहून सरळ लोकलने आली होती.

एका बाईने डोळे पुसले. मालनने वर बघितलं, तिला वाटलं गोधडी आवडली. तिने गोधडी उलगडून दोन्ही हातांनी वर धरली आणि हसली.

त्या दिवशी माझा खिसा भरला. आणि पुढच्या फेरीला मी पुन्हा तेच सांगितलं. आणि त्याच्या पुढच्या. तिला इंग्रजी येत नाही, मावशीला येत नाही, मग कुणाचं काय बिघडतं? असं मी स्वतःला विचारायचो. रोज विचारावं लागत होतं, यावरूनच काय ते समजा. त्यात गावाचं नाव मी कधी घेतलं नाही. "तळेगावजवळचं एक खेडं" एवढंच म्हणायचो. हे मी माझ्या बाजूने सांगतोय असं वाटलं ना? सवय आहे. सोडून द्या.

पुण्याची एक मुलगी आली होती, कॉलेजातली, चांगली मुलगी. तिने विचारलं, ताईंचा एक छोटा व्हिडिओ घेऊ का, फक्त शिवताना? मी आडवा जायला हवा होतो. मी म्हणालो, हातांचाच घे. ती मुलगी हातांपासून सुरू करून हळूहळू वर गेली. मी ते बघितलं. बोललो नाही. अजून तिने काही दिलेलं नव्हतं.

तो व्हिडिओ तिने टाकला. माझ्या फिरण्याची जाहिरात होईल म्हणून मलाही पाठवला. खाली खूप लोकांनी हात जोडलेले, काय ही जिद्द वगैरे लिहिलेलं. मी कौतुकाने वाचत खाली गेलो. आणि खाली कुणीतरी मराठीत लिहिलं होतं — ही तर आमच्या आंबीची, हिचा नवरा हिला शोधतोय.

आता मुद्द्यावर आलो. व्हिडिओ हा माझा गुन्हा आहेच, तिचं दुःख विकलं हाही आहे. पण मला रात्री उठवून बसवतं ते वेगळंच आहे. मला आधी कळलं होतं. तिचा नवरा येण्याच्या कितीतरी आधी. त्या मुलीला मी व्हिडिओ काढून टाकायला सांगितला, तिने बिचारीने लगेच काढून टाकला, माफीही मागितली. मालनला मात्र सांगितलं नाही. रूळ ओलांडून गेलं की मावशीचं घर. मी गेलो, एकदा नाही, कितीदा तरी गेलो. चहा घेतला. मालन समोर बसून शिवत होती. "इथून निघ, कुठेतरी जा" एवढंच म्हणायचं होतं. पण का निघू, असं तिने विचारलं असतं. आणि त्याचं उत्तर मी होतो.

म्हणून मी चहा पिऊन परत आलो. कदाचित त्याने बघितलंच नसेल, असं म्हणत आलो.

तो आला तेव्हा मी नेमका पाहुण्यांना घेऊन गल्लीत शिरत होतो. ओट्यासमोर छोटा टेम्पो उभा. आरडाओरडा काही नव्हता. तो ओट्यावर बसला होता, मावशीने दिलेला चहा पीत. बरोबर मालनचा सख्खा भाऊ. भाऊ तिची पिशवी भरत होता आणि म्हणत होता, "चल गं ताई, आईनं बोलवलंय." एवढ्या मऊ आवाजात, की माझ्या पाहुण्यांना वाटलं माहेरी चालली आहे.

मावशी आत पोलिसांना फोन लावायला गेली. मालनने तिला आत जाताना बघितलं. मग ती ओट्यावरून उतरून माझ्याकडे आली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हळूच विचारलं, "भाऊ, यास्नी कुनी सांगितलं? मावशीबिगर कुनाला ठावं न्हवतं. तिचा भाचा सोमाटण्याला ऱ्हातो... त्यो बोलला का?"

माझ्यामागे पाहुणे उभे होते. मी म्हणालो, "असेल. सांगता येत नाही."

एवढंच. यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात कितीदा बोललो असेन. पण इतकं लागलेलं एकही नाही.

ती टेम्पोत जाऊन बसली. मावशी धावत बाहेर आली, "मालन, आगं थांब, त्ये येत्यात, थांब जरा." मालनने तिच्याकडे बघितलं नाही. पोलीस आले तोवर टेम्पो गेला होता. नंतर कळलं, तिने तिकडच्या पोलिसांना जबाब दिला की मी माझ्या मर्जीने आले.

संध्याकाळी मावशीने मला विचारलं, "मध्या, तू कुटं बोललास का रं?" मी नाही म्हणालो. तिने लगेच मान हलवली. "तू न्हाई बोलायचास. ठावं हाय मला." मग म्हणाली, "पन तिनं माज्याकडं बगितलं का न्हाई?" हे ती पुढे नेहमी विचारायची. चहा गाळताना मधेच विचारायची. "म्या काय केलतं रं तिचं?" फिरणं मी बंद केलं का? नाही. शेवटचा थांबा बदलला, एवढंच.

मालन मला एकदा भेटली. सोमाटणे फाट्यावर. मी तळेगावला डोळे दाखवायला चाललो होतो. ती बाजाराची पिशवी घेऊन उभी, नवरा पलीकडे पानाच्या टपरीवर. ओळखूच आली नाही आधी. "अजून शिवतेस का?" मी विचारलं. काय विचारावं ते न सुचून विचारलं. तिने डावा हात पदराखाली घेतला. त्याआधी मला दिसलं होतं — बोटं मिटत नव्हती. "आता न्हाई जमत," म्हणाली.

मग टपरीकडे बघत भराभर बोलली. "मावशीला सांगा, माज्या मनात काय न्हाई. तुमचा भाचा पोरगंच हाय म्हनावं, बोलून गेलं आसंल. तिनं मला लेकीवानी ठिवलं. जाताना म्या तिच्याकडं बगितलं न्हाई, त्ये लय लागतंय मला. सांगाल न्हवं, भाऊ?"

मी सांगतो म्हणालो.

गेलो मावशीकडे, त्याच दिवशी. तिने चहा ठेवला. नेहमीसारखं विचारलं, "मालनचं काय कळलं?" निरोप जिभेवर होता. पण निरोप दिला असता तर मावशी म्हणाली असती, माझा भाचा? त्याला तर ती आंबीची आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. मग त्याच्याशिवाय कोण, हे शोधायला तिला दुसरा चहा संपेपर्यंतही वेळ लागला नसता.

"नाही मावशी," मी म्हणालो. "काही कळलं नाही."

या हिवाळ्यात मावशी गेली. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हती. मालनचं नाव मात्र घ्यायची. माती द्यायला मीही कबरस्तानात गेलो. सोमाटण्याचा भाचा आला होता. माझा हात हातात धरून म्हणाला, "मधूभाऊ, हमीदाखाला तुमचं नाव काढायची. तुमच्यासारखी मान्सं होती म्हून ती एकटी ऱ्हायली." मी मान खाली घालून उभा राहिलो. त्याला वाटलं, मी रडतोय.

मालन आंबीतच आहे. तिला वाटतं, निरोप पोचला.