उलट्या ज्वाळांची फियाट

चित्रातल्या गाडीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, हे मी खात्रीनं सांगितलं आणि तिथंच फसलो.

चित्र रद्दीवाल्याकडच्या एका अमेरिकन मासिकातलं. सरळ रस्त्यावर सुसाट सोडायची, जुन्या काळची शर्यतीची गाडी. नाकतोड्यासारखी लांबलचक, एका टोकाला सायकलीसारखी चाकं, दुसऱ्या टोकाला रोडरोलरसारखी. अंगभर ज्वाळा: पिवळ्यातून केशरी, केशरीतून लाल, कडेला जांभळी रेघ. माझं डोकंच फिरलं. मेहुण्याचं लग्न तोंडावर आलेलं, आणि वरात आमच्याच गाडीतनं निघणार, असं बायकोनं मुरगूडला माहेरी छातीठोकपणे सांगून ठेवलेलं. म्हटलं, आपली फियाट अशीच रंगवायची.

शिवाजी पेठेतला पेंटर रिक्षा रंगवण्यात पटाईत. त्यानं रंगवलेल्या रिक्षा रिक्षांच्या सौंदर्य स्पर्धेत नंबर काढायच्या. त्यानं विचारलं, यात फुडची बाजू कुठली? इंजिन रोडरोलरच्या टोकाला दिसत होतं. इंजिन तिकडं तोंड, असं मी ठणकावलं. त्यानं बिचाऱ्यानं डिकीपासून ज्वाळा पेटवल्या आणि त्यांच्या जिभा बॉनेटपर्यंत आणल्या. काम असं देखणं, की गाडीला हात लावायला भीती वाटावी.

रस्त्यावर आल्यावर उजेड पडला, की त्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन मागं असतं आणि आमच्या ज्वाळा उलट्या पेटल्यात. गाडी पुढं निघाली, की बघणाऱ्याला ती मागं येतेय असं वाटायचं. डिकीमागची माणसं बाजूला उड्या मारायची. एकानं तर, पावणं, रिव्हर्स जरा बघून घ्या, असं सुनावलं.

मुरगुडात लग्न लागलं. सून घरी न्यायची वेळ झाली तेव्हा सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. भावकीतल्या बायका पदराआड हसत होत्या. दुसरी गाडी बघूया का, असं कुणीतरी पुटपुटलं. बायकोचा चेहरा पार उतरला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "ही गाडी सून घरात आणतीया, का माघारी न्हेतीया?"

मग त्यांनीच तोड काढली. "उलटी चालवा की."

अख्खी वरात मी रिव्हर्समध्ये काढली. डिकीपुढं बँड वाजत होता. नव्या सुनेचं तोंड तिच्या माहेराकडं झालं होतं, पण ज्वाळा सरळ दिसत होत्या, त्यामुळं कुणाची हरकत नव्हती. मेहुण्याच्या फेट्यानं मागची काच झाकलेली, म्हणून कोपऱ्यात बसलेल्या करवलीच्या, म्हणजे बायकोच्या, खांद्यावरून बघत गाडी न्यावी लागली.

माझी मान तशीच आखडली. दुसऱ्या दिवशी तिला तेल चोळत बायको म्हणाली, "लग्न झाल्यापास्नं माझ्याकडं एवढा वेळ बघितलासा, ते कालच."