बाहेर उघडणारं दार

आमच्या कार्यालयाचं दार आत उघडावं की बाहेर, यावरून माझा आणि नातीचा अकरा दिवस अबोला होता. बाकीच्यांना बोलायला कोणी अडवलं नव्हतं, पण तेही दबकूनच बोलत.

कार्यालय म्हणजे लग्नाचं. सोनाळ्याच्या रस्त्याला आमचा संत्र्याचा एक तुकडा होता. झाडं म्हातारी झाली, फळ धरेनात, तेव्हा मुलाने ती काढली आणि तिथं मंगल कार्यालय बांधायला घेतलं. मला विचारलं, मी म्हटलं, बांध. संत्र्याचा बहार हवेवर गळतो, लोकांची लग्नं कुठल्याही हवेत लागतात.

नात याच मुलाची. नागपुरात शिकून इंजिनिअर झाली. गल्लीतल्या बायांना वाटलं कॉम्प्युटरची. मी तिला नीट विचारलं, तर म्हणाली, इमारतीला आग लागू नये आणि लागलीच तर माणसं जिवंत बाहेर पडावीत, याचं इंजिनिअरिंग. मी म्हटलं, ते शिकावं लागतं? आग दिसली की माणूस पळतोच. ती हसली. मी तिला चिडवायलाच म्हटलं होतं, पण मला खरंच तसं वाटत होतं.

शिकल्यावर तिने दोन वर्षं नागपुरातच एका मोठ्या साहेबाच्या हाताखाली काढली. नकाशे ही करायची, सही त्याची. आमच्या कार्यालयाचं काम निघालं तेव्हा साहेब तिला म्हणाला, हे तुझ्या नावावर कर, आता तुला जमतं. म्हणजे हे तिच्या नावाचं पहिलं काम. अग्निशमन खात्याचा, म्हणजे आगीचा, साहेब येऊन पाहणार, सगळं बरोबर असलं तर परवानगीचा कागद देणार, आणि त्या कागदाशिवाय तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख आम्हाला पाळता येणार नव्हती. ती तारीख भावकीतल्याच एका मुलीची होती. तेव्हा नातीचं पहिलं काम फसलं असतं तर ते सगळ्या भावकीसमोर फसलं असतं.

ती आली आणि टेप घेऊन आठ दिवस हॉलमध्ये फिरली. किती माणसं मावतील, तेवढ्यांना किती रुंद दार लागेल, दोन दारं एकमेकांपासून किती लांब पाहिजेत, सगळं मांडलं. स्वयंपाकघरातले सिलिंडर तिने भिंतीबाहेर जाळीच्या खोलीत ठेवायला लावले. आग विझवायची लाल नळकांडी कुठे टांगायची त्या जागी भिंतीवर खुणा केल्या. आचाऱ्याला बोलावून सांगितलं, कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, झाकण. आचारी म्हणाला, हे मला येतं. ती म्हणाली, मंग झाकन कुठी हाय ते दाखवा. झाकण नव्हतंच. दुसऱ्या दिवशी आणलं.

मंडपवाल्याने झगमगीत पडद्याचा कपडा आणला होता. तिने त्याची एक चिंधी कापली, अंगणात चिमट्यात धरली आणि काडी लावली. चिंधी पेटली आणि तिचे जळते थेंब टपटप खाली पडले. मग औषध मारलेल्या कापडाची चिंधी धरली. ती काळी पडली आणि आपोआप विझली.  मी मंडपवाल्याला म्हटलं, थेंब नवरदेवाच्या फेट्यावर पडले असते म्हणजे? तो कपडा परत घेऊन गेला. त्या दिवशी मला पोरीचं काम आवडलं.

धुराचंही माझं तिचं जुळलं. ती सांगत होती की आगीपेक्षा धूर आधी मारतो, आणि धूर वरून खाली भरत येतो, म्हणून वाकून बाहेर पडावं. मी म्हटलं, यात नवीन काय, लहानपणी चुलीपुढे उभं राहिलं की आई ओरडायची, खाली बस, डोळे जातील. तिने ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं वहीत लिहून घेणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून लक्षात राहिलं.

मग दाराशी अडलं.

दार सागवानी होतं, दोन फळ्यांचं, दोन्ही बाजूंनी मोर कोरलेलं. सुताराने ते जगाच्या रीतीने बसवलं होतं, आत उघडणारं. नात म्हणाली, हे फिरवावं लागेल, बाहेर उघडलं पाहिजे. मी म्हटलं, ते होणार नाही. घराचं दार आत उघडतं, कारण लक्ष्मी आत येते. बाहेर उघडतं ते आमच्याकडे गोठ्याचं नाहीतर संडासाचं. नवी नवरी दाराशी आली आणि दारानेच तिला मागं लोटलं, असं कार्यालय कोण घेईल? मुलाने मान डोलावली. सुतार तर आधीच माझ्या बाजूचा होता, कारण एकदा बसवलेलं काम त्याला उचकटायचं नव्हतं.

नात शांतपणे म्हणाली, "आजी, माणसं पळत आली तं दार त्यायच्याच अंगावर उघडते. वढता येनार नाई."

"काऊन नाई येनार? हात नाईत का त्यायले?"

"हात हायेत. मांगून लोटनारेही असतात."

"आपल्या इकडे लोकं पंगतीले लोटतात, तेवढं मले माहीत हाय."

सुतार हसला. त्याने हसायला नको होतं. तिने नकाशाची गुंडाळी केली, रबर लावलं आणि म्हणाली, "मंग माही सही नाई या नकाशावर. दार फिरलं की करीन."

नकाशा कपाटावर गेला. मुलगा दोन दिवस तिला समजावत होता, दोन दिवस मला. साहेब पाहायला येतो तेव्हा दार उघडंच ठेवू, तो काय बिजागऱ्या पाहणार आहे, असंही त्याने एकदा सुचवलं. पोरीने बापाकडे असं पाहिलं की त्याने तो विषय परत काढला नाही. मी माझ्या जागी पक्की होते. अशा गोष्टीत मी लवकर हलत नाही, आणि हललं पाहिजे असं कोणी मला आजवर पटवूनही दिलं नव्हतं.

अकराव्या दिवशी मसाला होता.

आमच्या भावकीत लग्नाचा मसाला लग्नाच्या जागीच भाजतात. आता दळायला चक्की आहे, पण देठ खुडणं, भाजणं बायांच्या हातचंच. म्हणून जिचं पहिलं लग्न होतं त्या मुलीच्या घरच्या आणि गल्लीतल्या मिळून पंचवीसेक बाया दुपारी कार्यालयात जमल्या. स्वयंपाकघर हॉलला लागूनच, मधे ये-जा करायचं दार आणि वाढप्यांसाठी मोठी खिडकी. धूर ओढायचा पंखा अजून बसला नव्हता, त्याच्या भोकावर फळी ठोकलेली. हॉलच्या मागच्या दाराची तर नुसती चौकट होती, बकऱ्या शिरू नयेत म्हणून तिला बाहेरून पत्रा बांधलेला. आणि मोठं दार मीच लोटून घेतलं होतं, कारण वाऱ्याने गॅसची भट्टी विझत होती. कडी लावली नव्हती, तेवढं माझ्या बाजूने लिहिते. मी दाराजवळ खुर्ची टाकून देठ खुडत होते. नात बाहेर पाण्याच्या टाकीचे पाइप मोजत होती.

धने झाले, खोबरं झालं. मग मिरच्या. भट्टीवर बसलेल्या दोघी एका मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट सांगत होत्या आणि गोष्ट रंगात आली होती. थोड्या थोड्या मिरच्या टाकायच्या, तर त्यांनी अख्खं टोपलं कढईत ओतलं आणि कढई आधीच लालबुंद झालेली. धूर आला तो खिडकीतून सरळ हॉलमध्ये. पहिल्यांदा दोघीतिघी खोकल्या आणि बाकीच्या हसल्या. मग सगळ्याच खोकल्या. डोळे उघडेनात. कोणीतरी उठून दाराकडे पळालं आणि मग कोणी मागं राहिलं नाही.

दाराशी मी सगळ्यांत आधी पोचले, कारण मी तिथंच होते. कडं धरलं आणि ओढायला गेले, तोवर पाठीवर पंचवीस बाया येऊन आदळल्या. मी आयुष्यभर शेतात काम केलं आहे, भरलेलं पोतं एकटीने पाठीवर घेतलं आहे. दाराची एक फळी मला बोटभर ओढता येईना. माझा गाल मोरावर दाबला गेला होता.

मागून एक म्हणत होती, "काकू, वढा ना वो."

मी म्हटलं, "सरका मांगं."

ते जिला ऐकू गेलं तिला सरकायला जागा नव्हती, आणि जिला जागा होती ती खोकत होती. बाहेरून नातीने दार लोटून पाहिलं. तिच्याच्याने काय लोटलं जाणार? एका बाजूला ती एकटी, दुसऱ्या बाजूला अख्खी गल्ली.

तिने दार सोडलं. आधी जाळीच्या खोलीत जाऊन बाहेरच्या बाहेर गॅस बंद केला. मग मागं पळाली, चौकटीचा पत्रा तारेसकट उचकटून काढला आणि तिथून ओरडली की खाली वाका आणि इकडे या, उजेडाकडे. सगळ्यांत मागच्या बायांना उजेड दिसला. त्या वळल्या. त्यांच्या मागून दुसऱ्या वळल्या. माझ्या पाठीवरचं ओझं एकदम हललं, आणि मग दार एका हाताने उघडलं.

बाहेर येऊन सगळ्या मातीत बसल्या. दोघींच्या बांगड्या फुटल्या होत्या, एकीची चप्पल आत राहिली होती, नाकं सगळ्यांचीच वाहत होती. लागलं कोणालाच नव्हतं. माझ्या जावेने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला बोलता येईना. शेवटी म्हणाली, "बाई, तुमच्या गालावर मोर नाचून राह्यला." मग जी ती उठून मोर पाहून गेली. मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट तेवढी अर्धीच राहिली, ती तिथंच बसून पुरी झाली.

मीही हसले. पण हिशेब मला कळत होता. आग नव्हती, नुसती मिरची होती. बाया सगळ्या ओळखीच्या, दिवसाउजेडी, आणि हॉल रिकामा. लग्नात पाचशे माणसं असतात, त्यांतली निम्मी परगावची.

नात माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही. पाण्याचा तांब्या दिला आणि माझे डोळे पाहिले. ती बोलली असती तर मी भांडले असते, आणि दार कदाचित आणखी चार दिवस तसंच राहिलं असतं. पोरगी हुशार आहे.

मीच तिला म्हटलं, "सुताराले फोन लाव."

सुतार संध्याकाळी आला. म्हणाला, नुसत्या बिजागऱ्या फिरवून भागणार नाही, चौकटच काढून उलटी बसवावी लागेल, दोन दिवस जातील. मी म्हटलं, घाल दोन दिवस. त्याने डोकं खाजवलं आणि मला माझंच बोलणं ऐकवलं.

"अन् लक्ष्मीचं काय, आजीबाई?"

"लक्ष्मीले दार वढता येते. तिच्या मांगून कोनी लोटत नाई."

दार फिरलं. आतून त्याला कमरेच्या उंचीवर आडवी दांडी बसवली. अंग टेकलं की दार उघडतं, हात लावायची गरज नाही. मागच्या चौकटीलाही तसंच दार लागलं. पंखा बसला. नातीने नकाशा कपाटावरून काढला, धूळ झटकली आणि सही केली.  

आगीचा साहेब आला तो सकाळी. बारीक माणूस, बोलायला कमी. टेप लावला, पाइप उघडून पाहिला, सिलिंडरची खोली पाहिली. मोठ्या दाराच्या दांडीला त्याने चालता चालता कमरेने धक्का दिला आणि दार उघडून तो तसाच बाहेर गेला. परत येऊन विचारलं, नकाशा कोणाचा? नात पुढं झाली. त्याने तिला दोन-तीन प्रश्न विचारले, मला त्यांतलं काही कळलं नाही, तिने मात्र न अडखळता सांगितलं. शेवटी तो म्हणाला की कागद मिळेल, पण मागच्या दारावर लक्ष ठेवा. म्हणे, मी जिथं जातो तिथं कागद मिळेपर्यंत मागचं दार मोकळं असतं, आणि लग्नाच्या दिवशी त्याच्यापुढे रुखवत मांडलेलं असतं. नातीने माझ्याकडे पाहिलं. रुखवताचा विचार तिच्या नकाशात नव्हता. कसा असेल, अजून तिचं लग्न झालेलं नाही.

मी साहेबाला म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीच्या दोन मावश्या रुखवत घेऊन आल्या. लाडवांचा डोंगर, साखरेचं तुळशीवृंदावन, शिवणाचं मशीन, काय काय होतं. सरळ चालत मागच्या दाराशी गेल्या आणि टेबलं लावायला लागल्या. मी तिथं दाराच्या कडेला खुर्ची टाकून बसलेलीच होते.

थोरली मावशी म्हणाली, "आजी, उठता का जरा? इथी उजेड चांगला हाय, फोटो चांगले येतात."

"इथी नाई मांडायचं."

"मंग कुठी मांडू?"

"जिथून पळायचं नाई तिथी."

ती रुसली. लग्नाच्या दिवशी पळायच्या गोष्टी करते बुढी, असं धाकटीला ऐकू जाईल आणि मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली. मी म्हटलं, हाव, करते. मग दोघींनी टेबलं स्टेजच्या बाजूला ओढली. तिथंही उजेड होता, फोटोही आले.

अक्षता मला बसल्या जागेवरूनच टाकाव्या लागल्या, त्या पुढच्या माणसाच्या टोपीवर पडल्या. जेवणाचं ताट नात घेऊन आली. तीही माझ्याजवळ खाली बसून जेवली, दाराला पाठ लावून. मी तिला म्हटलं, तूही रुखवतासारखी वाटेतच बसली आहेस. तिने ताट उचललं आणि चार हात बाजूला सरकली.