आपली गाडी

सोनबाचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. पाटावर जेवायला बसला की गुडघा हलायचा. एसटीत बसला की पुढच्या बाकाला टाचेचे ठोके बसायचे आणि पुढचा माणूस मागं वळून बघायचा. त्याची बायको भामाबाई म्हणायची, ह्यांच्या पायात कुनी उंदीर कोंडलाय का काय. पण ज्या हिवाळ्यात लढाई झाली त्या हिवाळ्यापासून तिनं ते म्हणणं सोडून दिलं. उलट तो पाय थांबू नये असं तिलाच वाटायला लागलं. ते का, हे सांगायचं तर आधी सोनबाचा खेळ सांगितला पाहिजे.

भाटघरच्या अंगाला बौद्धवाड्यात त्याचं घर. बापानं सगळा जन्म गावकीची कामं केली, सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली. सोनबानं धर्म बदलला आणि त्याच आठवड्यात ती कामंही टाकली. भोरला एका पत्रेवाल्याच्या हाताखाली जाऊन बसला. नरसाळी, कंदील, रॉकेलची मापं. सहा महिन्यांत हात बसला, पण जीव काही बसला नाही. एकसारखी दहा नरसाळी झाली की अकराव्याला त्याच्या अंगावर मुंग्या चढायच्या. मग तो उरलेल्या पत्र्यातून कोंबडा काप, घोडा काप, असलं काहीतरी करायचा. मालक म्हणायचा, सोन्या, पत्रा काय तुझ्या बापाचा हाय? हातातली कातर खाली ठेवून सोनबा हो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घोडा कापायचा.

पासष्टची लढाई झाली तेव्हा भोरच्या चहाच्या हॉटेलात भिंतीला वर्तमानपत्रं डकवली होती. त्यात रणगाड्यांची चित्रं होती. सोनबा चहा थंड करून ती बघत बसायचा. जत्रेत छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचा खेळ त्यानं पाहिला होता, पण त्यात त्याला राम वाटत नव्हता. फुगा जागचा हलत नाही, आणि फुटला की संपला. जो पळतो त्याला मारायचं, आणि मेला तरी तो पुन्हा उठून पळाला पाहिजे, असा काहीतरी खेळ त्याच्या डोक्यात घुमायला लागला.

वर्षभर खपून त्यानं तो केला. आठ हात लांब फळी. फळीमागं तीन सायकलींच्या साखळ्या जोडून केलेली एकच लांबलचक साखळी, दोन टोकांच्या दोन दातेरी चाकांवरून गरगर फिरणारी. आणि साखळीवर बारक्या बिजागरीनं उभी केलेली तेलाच्या डब्याच्या पत्र्याची लढाई. रणगाड्याला छत्रीच्या काडीची तोफ. जीपला सोड्याच्या बाटलीच्या बिल्ल्यांची चाकं. विमान डब्याच्या झाकणाचं, ते उडायचं नाही, गाड्यांच्या रांगेतून जमिनीवरूनच जायचं. पण कुणी तक्रार केली नाही. छरा लागला की टण्ण वाजून गाडी मागं आडवी व्हायची, साखळीबरोबर खालून फिरून यायची, आणि येताना एका खिळ्याला अडून पुन्हा उभी राहायची. हे सगळं चालायचं शिलाई मशीनच्या पायडलवर. बाजूला गोणपाटाच्या पडद्याआड सोनबा स्टुलावर बसायचा आणि पायडल मारायचा. चाळीस वर्षं रिकामा हलणारा पाय शेवटी कामाला लागला.

भोरचा बाजार, वेल्ह्याचा बाजार, चैत्रातल्या गावोगावच्या जत्रा. सोनबाचा खेळ सगळीकडं फिरायला लागला. वाड्यातला त्याचा चुलतभाऊ गेनबा त्याला टोचायचा. “आपुन देव सोडलं, अन् तू देवाच्या दारात बंदूक घिऊन बसतूस?” सोनबा म्हणायचा, “देवाकडं पाठ करून बसतुया की.” आणि खरंच, देवळाकडं पाठ येईल अशीच तो फळी मांडायचा.

त्याचा एकुलता एक मुलगा रतन अडुसष्ट साली पलटणीत भरती झाला आणि लॉरीवर ड्रायव्हर झाला. दोन वर्षांनी त्यानं फोटो पाठवला. मोठ्या लॉरीच्या दारात एक पाय वर ठेवून रतन उभा, मागं गाडीचा नंबर स्वच्छ वाचता येतोय. सोनबानं आठ दिवस दुसरं काम केलं नाही. त्या फोटोवरून त्यानं लॉरी कापली. मागच्या हुडाला रतनच्या जुन्या खाकी शर्टाचं कापड लावलं, नंबर बारक्या कुंचल्यानं काढला, आणि ती रणगाड्याच्या पुढं साखळीवर बसवली. बसवल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की आपण ही बंदुकीपुढं आणून उभी केली.

मग त्यानं खेळाला एक नियम जोडला. बाकी सगळ्या शत्रूच्या गाड्या, ही आपली. एका माणसाला पाच छरे. ज्याचा छरा आपल्या गाडीला लागेल, त्याचे उरलेले छरे गेले.

नियम लोकांना फार आवडला. आपली गाडी आली की बघणारे एका सुरात म्हणायचे, आपली हाय, आपली हाय. पण नुसत्या त्या सुरावर सोनबानं गाडी सोपवली नव्हती. पडद्याआडून त्याला साखळी दिसायची. लॉरी फळीच्या तोंडाशी आली की त्याचा पाय दुप्पट पळायचा. लॉरी सर्रकन निघून जायची आणि मागचा रणगाडा पुन्हा रेंगाळत यायचा. लोकांना वाटायचं, मशीनलाच तिथं झटका आहे. वर्ष-दीड वर्षात त्या लॉरीला एक छरा लागला नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. भोरच्या बाजारात सोनबाच्या खेळापुढं कधी नव्हती एवढी गर्दी झाली. ज्यानं त्यानं बंदूक खांद्याला लावायची आणि रणगाडा आडवा पाडायचा. पडद्याआड सोनबाला घाम फुटायचा. रतनचं पत्र कार्तिकात आलं होतं, त्यानंतर नाही. चौदा दिवसांत लढाई संपली, पेढे वाटून झाले, बाकीच्यांच्या पोरांची पत्रं आली. रतनचं नाही. तार आली नाही म्हणजे बरंच असणार, असं सोनबा भामाबाईला सांगायचा. मग पत्र का नाही, असं ती विचारायची. मग तो उठून बाहेर जायचा. नदीपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. घरी नुसता बसला तरी पाय हलायचा, आणि त्याची लय आता बदलली होती. हळू, हळू, मग एकदम जोरात, मग पुन्हा हळू. भामाबाईनं ती ओळखली. लॉरी पळवण्याची लय होती ती. तिनं त्याच्या पायाकडं बघितलं आणि ताटात अजून एक भाकरी वाढली.

जानेवारीत भोरच्या बाजारात भोंगवलीची सगुणाबाई आली. मराठ्यांच्या घरची, पन्नाशीची, वाणानं काळी नि बोलायला तोडकी बाई. तिचा मुलगा गेनू, तोही पलटणीत होता आणि त्याचंही पत्र नव्हतं. तिनं भाजीची पाटी खाली ठेवली आणि खेळापुढं उभी राहिली. तीन माणसांचे पंधरा छरे होईपर्यंत ती हलली नाही. शेवटी तिनं पाटीतून नारळ काढला आणि फळीच्या कडेला आपल्या गाडीपुढं ठेवला.

सोनबा पडद्याबाहेर आला. “बाई, आमी देव मानत न्हाई. हा पत्रा हाय, तेलाच्या डब्याचा.”

“म्या कुठं देव म्हन्ले?” सगुणाबाई म्हणाली. “नारळ हाय. फोडून खोबरं खावा.”

आणि पाटी उचलून चालती झाली.

पुढच्या बाजारी दोन नारळ आले. त्याच्या पुढच्या बाजारी कुणीतरी लॉरीच्या हुडावर हळदकुंकू लावलं. ज्यांची पोरं फौजेत त्या आयाबाया खेळ बघायला नाही, गाडी बघायला यायला लागल्या. कुणी लांबूनच हात जोडायच्या, कुणी पोराचं नाव पुटपुटायच्या. ज्या घरांच्या अंगणात सोनबाच्या बापाला वरून पाणी ओतलं जायचं, त्याच घरांतल्या बायका त्याच्या फळीपुढं डोक्यावरचा पदर सारखा करून उभ्या राहत होत्या. गेनबाला तर बोलायला कोलीतच मिळालं. “आपुन देव सोडलं अन् तू नवा काढलास,” तो म्हणाला. “आन् चार चाकाचा.”

सोनबाला हसू आलं नाही. रोज घरी आल्यावर तो रॉकेलच्या फडक्यानं कुंकू पुसायचा. त्या बायकांना कसं सांगावं की गाडीत काही नाही, ती माझ्या पायानं वाचतेय? सांगितलं तर उद्या लोक पाय बघतील आणि बंदुकीचा नेम धरणारे त्या झटक्याचा हिशेब करून मारतील. न सांगावं तर आपण सोडलेलंच सगळं आपल्याच फळीवर येऊन बसलं. एकदा तर खेळच मोडून टाकावा म्हणून त्यानं पाना हातात घेतला. लॉरीची बिजागरी अर्धी सुटली आणि त्याचा हात थांबला. साखळीवरून काढली तर ती कुठं ठेवायची, हेच त्याला सुचेना. एक दिवस तो फडकं घेऊन बसला तर भामाबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की आजच्या दिस.” सोनबानं फडकं खाली ठेवलं. तिच्याकडं बघायचं मात्र त्यानं टाळलं.

शिवरात्रीला नसरापूरजवळ बनेश्वरची जत्रा भरली. झाडीच्या कडेला, देवळाकडं पाठ करून सोनबानं फळी मांडली. दुपारी ऊन चढलं तरी गर्दी हटेना. वरव्याचा चिमाजी नावाचा एक दांडगा गडी सकाळपासून तिसऱ्यांदा बंदूक धरून उभा होता. त्याला रणगाडा पाडायचाच होता आणि रणगाडा काही पडत नव्हता. सगुणाबाई आलेली होती. फळीच्या डाव्या अंगाला, पडद्याजवळ, उपास धरून, नारळ पुढं ठेवून बसली होती.

चिमाजीचे दोन छरे गेले. सोनबाचा पाय चालू होता. विमान गेलं, जीप गेली, लॉरी फळीच्या तोंडाशी आली, आणि पाय पळायला लागणार तेवढ्यात सोनबाला गर्दीतून येणारी भामाबाई दिसली.

भामाबाई जत्रेला कधी येत नसे. धर्म बदलल्यापासून एकदाही आली नव्हती. ती भाटघरहून भोर, भोरहून एसटीनं नसरापूर, आणि तिथून चालत अशी एकटी आली होती. पायात वहाण नव्हती. हातात निळं पत्र होतं, न फोडलेलं. तिला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला ते ऐकायचं नव्हतं.

सोनबाचा पाय थांबला.

लॉरी तोवर फळीच्या ऐन मध्यावर आली होती, तिथंच उभी राहिली. लॉरी गेली की तिथं येणाऱ्या रणगाड्यासाठी नेम धरलेल्या चिमाजीचं बोट दाबलं गेलं होतं. टण्ण वाजलं. लॉरी मागं आडवी झाली.

आपली हाय म्हणणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. चिमाजीनं बंदूक फळीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरला. “म्या रणगाड्यावर मारली व्हती,” तो म्हणाला. “गाडी हुबी ऱ्हायली. मदीच हुबी ऱ्हायली.” तो तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

भामाबाई आडव्या पडलेल्या लॉरीकडं बघत फळीपाशी आली. तिनं पत्र पुढं केलं. सोनबा चौथी शिकलेला, पण त्याला पत्राची कडच फाडता येईना. शेवटी भामाबाईनंच दातानं कड तोडली.

अक्षर रतनचं होतं. सोनबानं आधी शेवट वाचला, मग सुरुवात, मग मधलं. रतननं लिहिलं होतं की मी खुशाल आहे. आधी दोन पत्रं धाडली, ती मिळाली का कळवा. लॉरी रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडून पार मोडली, मी आधीच उडी टाकली होती, खांद्याला जरा मार बसला, आता बरं आहे. दुसरी गाडी मिळाली आहे. आईला सांगा, काळजी करू नये.

सोनबानं ते मोठ्यानं वाचलं, अडखळत, खांद्याचं तेवढं गाळून. भामाबाई खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन हलत राहिली. चिमाजीनं टोपी काढून कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, बघा, गाडीनंच अंगावर घेतलं. सोनबानं पत्रावरची तारीख पाहिली. महिन्यापूर्वीची होती, म्हणजे तिकडची गाडी केव्हाच मोडली होती. ती त्यानं भामाबाईला सांगितली नाही. पत्र घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं.

खाली वाकून त्यानं लॉरी बिजागरीतून सोडवून उचलली. दारापाशी, फोटोत रतन उभा होता तिथं, चेपून खळगा पडला होता. ठोकून सरळ करता आला असता. हातोडी पेटीत होती.

“ठोकू नका,” भामाबाई पदराआडून म्हणाली. “गेली ती गाडी. दुसरी मिळालीया न्हवं त्याला. दुसरी कापा.”

“कापतो,” सोनबा म्हणाला. “आज घरी गेलं की कापतो. आता आवरू या.” आणि त्यानं पडद्याची दोरी सोडायला घेतली. कधी नव्हे तो त्याला बसावंसं वाटत होतं. नुसतं बसावं, पाय लांब करावेत.

सगुणाबाई जागची उठली नव्हती. तिच्यापुढचा नारळ तसाच होता. तिनं त्याच्या हातातली दोरी धरली.

“तुझ्या रतनचं आलं,” ती म्हणाली. “गोड झालं. माझ्या गेनूचं यायचंय अजून.”

“बाई, त्यात काय न्हाई वो,” सोनबा हळू आवाजात म्हणाला. “आता बगितलंच की तुमी. पत्रा हाय. तो माझा पाय...”

“म्हाईत हाय मला. गोनपाट आखूड हाय तुझं. पैल्या बाजारापास्नं बघतीया म्या तुझा पाय.” तिनं दोरी पुन्हा खुंटीला बांधली, तिच्या हाताला घाई नव्हती. “पत्र्यापुढं कोन नारळ ठिवंल, सोनबा? जराबी पाय थांबवू नगंस.”

सोनबा पुन्हा फळीशी आला. मग त्यानं चेपलेली लॉरी, खळग्यासकट, साखळीवर बसवली आणि खटका मारून उभी केली. पडद्याआड जाऊन स्टुलावर बसला. गोणपाट खाली ओढायचं त्याच्या मनात आलं, पण त्यानं ओढलं नाही. भामाबाई उठून पडद्याआड त्याच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली.

नियमानं चिमाजीचे उरलेले छरे गेले होते. तरी सोनबानं आतूनच त्याला सांगितलं, “घे बंदूक. दोन छरं हायती तुझं.”

साखळी हलली. विमान गेलं, जीप गेली. चेपलेल्या दाराची लॉरी फळीच्या तोंडाशी आली आणि सोनबाचा पाय पळायला लागला.